कशानं गेले?

डॉक्टरकी करताना दोन गोष्टी न मागता साठत जातात. एक औषध कंपन्यांची कॅलेंडरं आणि दुसरे किस्से. कॅलेंडरं वर्ष संपलं की रद्दीत देता येतात. किश्श्यांचं तसं नाही. एक सांगायला घ्यावा तर त्याचं शेपूट धरून दुसरा बाहेर येतो आणि समोरचा चहा गार होतो.

मी आठवड्यातले निम्मे दिवस पेणला बसते, निम्मे रोह्याला. रोह्याच्या दवाखान्याबाहेर एक लांब बाकडं आहे. त्यावर बसणारे थोडे आजारी असतात आणि बाकीचे त्यांना सल्ला द्यायला आलेले असतात. या बाकड्याचा आवडता विषय एकच. कोण गेलं आणि कशानं गेलं!

नव्या माणसाला हे जरा विचित्र वाटतं, म्हणून सांगते. आमच्याकडे कोणी गेलं की भेटायला येणारा माणूस ओसरीवर टेकतो, पाण्याचा घोट घेतो, थोडा थांबतो आणि विचारतो, "कशानं गेले?" मग घरातलं कोणीतरी पहिल्यापासून सांगायला लागतं. सकाळी काय खाल्लं, कुठे दुखलं, रिक्षा कशी मिळेना, डॉक्टर काय म्हणाले. ऐकणारा मधेमधे "मग?" म्हणतो. दुसरा आला की पुन्हा पहिल्यापासून. दहाव्यापर्यंत ती गोष्ट इतक्यांदा सांगून होते की घरच्या माणसाला ती न रडता सांगता येते. याच्याइतकं गुणकारी औषध अजून एकाही कंपनीच्या माणसानं मला आणून दाखवलेलं नाही.

*

मरणाच्या कारणांचीही फॅशन असते. मी नवी नवी आले तेव्हा बाकड्यावर साप, विंचू, बाळंतपण आणि खाडीत उलटलेली होडी असायची. पुढे हार्ट आलं, साखर आली, आणि आमचा हायवे तर घरचाच!

याचा सिद्धांत मांडला तो निडीच्या सुभेदारांनी. सुभेदार म्हणजे फौजेतून रिटायर झालेले, ताठ कण्याचे, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ. त्यांचं खरं नाव मलाही केसपेपर बघून सांगावं लागतं. लॉकडाऊनमध्ये रस्ते ओस पडले आणि बघता बघता ॲक्सिडेंटचे पेशंट यायचे थांबले. सगळीकडे फक्त ताप. तेव्हा सुभेदार मास्क हनुवटीवर ओढून म्हणाले, "बाई, मरणाला बी शिफ्ट असते, कंपनीसारखी. एक ड्यूटीवर आला की दुसरा घरी जातो. आता हायवे सुट्टीवर हाय."

सुलभा सिस्टर म्हणजे माझी नर्स. तिच्या सुईपेक्षा जीभ जास्त टोचते. ती म्हणाली, "सुभेदार, मास्क वर घ्या, नायतर तुमच्यापायी त्याला ओव्हरटाइम लागंल."

*

सुभेदारांची आणि माझी लढाई मात्र साखरेवरून. दोन युद्धं बघून आलेल्या माणसाला गोळ्या वेळेवर घ्या म्हणून सांगणं सोपं नसतं. त्यांचं म्हणणं असं की गोळी येताना आवाज करते, म्हणून माणूस खाली वाकतो. साखर आवाजच करत नाही, तर तिच्यापासून वाकायचं कसं?

त्यांच्यासोबत नेहमी त्यांची बायको यायची, सीताकाकी. गुडघे धरून धरून बाकड्यावर बसायची. सुभेदार आत माझ्याशी वाद घालत असताना ती बाहेर सिस्टरला खरी बातमी द्यायची. किती पेढे, कोणाच्या बारशाला, कोणत्या खिशातून. सुभेदार म्हणायचे की आपल्याच गोटात हेर आहे.

एकदा ते आपल्या घराण्याची शौर्यगाथा सांगत होते. त्यांच्या आजोबांचा भाऊ पहिल्या महायुद्धात बसऱ्याला गेला होता. वाळूत लढला, उपाशी राहिला, पण अंगावर ओरखडा न घेता परत आला. सगळा गाव बघायला जमला. आणि मग तापाची साथ आली आणि तो ओसरीवर आठवड्यात आटोपला!

बाकडं हळहळलं. सीताकाकी शांतपणे म्हणाली, "यांच्या घरात लढाईनं कोण मरत नाय. घरी येऊन मरतात. म्हनून सांगत्ये, घरात नीट वागा."

त्या दिवशी सुभेदारांनी निमूट इंजेक्शन घेतलं.

*

पेणच्या बाजूचा माझा लाडका पेशंट म्हणजे हमरापूरचे रघुनाथदादा. गणपतीचे डोळे रेखावेत ते दादांनीच. डोळे रेखताना श्वास रोखून धरायचा आणि नंतर तो खोकत सोडायचा, असं त्यांनी जन्मभर केलेलं. मूर्तींच्या कारखान्यातली प्लॅस्टरची धूळ आणि रंग यांनी छाती भरलेली. बरं, गावाकडची रीत अशी की दुसऱ्याच्या घरात शिरताना पुरुषानं उंबऱ्यापाशी खाकरायचं. आत बायामाणसं असतात, त्यांना कळावं कोणी आलंय. दादांचं खाकरणं तर गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचं.

पहिल्या लाटेनंतर थोडी सूट मिळाली तसे दादा लेकीला भेटायला कासूला गेले. व्याह्यांच्या दारात उभं राहून रीतीप्रमाणे खाकरले. आत भांडं पडल्याचा आवाज झाला, आणि मग काहीच नाही. बराच वेळ वाट बघून दादा आत गेले. घर रिकामं! व्याही, विहीणबाई, जावई, खुद्द दादांची लेक, सगळी मागच्या दारानं पसार.

मी विचारलं, मग तुम्ही काय केलं? दादा म्हणाले की चुलीवर चहा उकळत होता, तो गाळला आणि प्यायले. वर म्हणाले, "लगीन झाल्यापासून पैल्यांदा व्याह्याच्या घरात निवांत चहा प्यायलो, बाई. कोन काय बोललं नाय."

पुढे त्यांनी यावर उपाय काढला. दारात उभं राहून आधी ओरडायचं, "खोकला कारखान्यातला हाय, जुना हाय!" मग खाकरायचं.

*

त्या दिवसांत दुसरं कोणतं कारण उरलंच नव्हतं. कासूचाच एक आंबेवाला झाडावरून पडला. पाय मोडला. मोठ्या हॉस्पिटलात न्यायच्या आधी टेस्ट करावी लागायची, ती पॉझिटिव्ह आली. झालं! गावभर बातमी गेली की कोरोनामुळे पडला.

त्याचा भाऊ मला रोह्याला येऊन पटवून देत होता. आधी म्हणे हाताची शक्ती जाते, मग फांदी सुटते. मी म्हटलं, अहो, फांदी मोडली म्हणून पडला ना तो? तो म्हणाला, व्हय, पण फांदी नेमकी त्याच वेळी का मोडली?

सुलभा सिस्टरनं कापसाचा बोळा करता करता विचारलं, "फांदीची टेस्ट केलीत का?"

तो बिचारा खरंच विचारात पडला. आंबेवाला आज ठणठणीत आहे, लंगडतो एवढंच. लंगडण्याचं कारण अजून कोरोनाच सांगतो.

*

आता जो किस्सा सांगते आहे, तो हसायचा नाही. पण त्याच्याशिवाय पुढचे कळायचे नाहीत.

दुसऱ्या लाटेत एका सकाळी सुभेदारांच्या पुतण्याचा फोन आला. मी निडीला पोचले तेव्हा सीताकाकी गेलेली होती. ताप नाही, खोकला नाही, दोन दिवस आधीची टेस्टही निगेटिव्ह. छातीत कळ आली होती, घाम फुटला होता, आणि संपलं. हार्ट. मी तसं सुभेदारांना सांगितलं, पुतण्याला सांगितलं, आणि अंगणात येऊन मोठ्यानं गावालाही सांगितलं. पण ज्यांना सांगायचं ते सगळे बंद दारांच्या मागे होते. त्या महिन्यात मेलेलं माणूस एकाच रोगानं मेलेलं असायचं, डॉक्टर काहीही म्हणो.

खांदा द्यायला तिघंच. सुभेदार, पुतण्या आणि पुतण्याचा टेम्पोवाला मित्र. सुभेदारांनी एकदा गल्लीकडे बघितलं, एकदा घड्याळाकडे. मी पर्स गाडीत टाकली आणि चौथा खांदा दिला. बायका खांदा देत नाहीत हे मला ठाऊक होतं, पण ते सांगायलाही तिथे कोणी नव्हतं.

दहा पावलं गेलो असू. मी अडखळत होते. पुढून सुभेदारांचा आवाज आला, हळू, पण परेडवरचाच.

"बाई, कदम मिळवा."

मी मिळवले.

दुसऱ्या दिवसापासून सुभेदार रोज सकाळी ओसरी झाडायचे, चटया अंथरायचे, पाण्याचा तांब्या भरून ठेवायचे आणि खांबाला टेकून बसायचे. संध्याकाळी चटया गुंडाळायचे. पुतण्या सांगत होता, दहा दिवसांत एकजण गल्लीच्या पलीकडून ओरडला की काही लागलं तर सांगा. बस. ओसरीवर कोणी टेकलं नाही, पाण्याला कोणी हात लावला नाही, आणि कशानं गेली म्हणून कोणी विचारलं नाही. सगळ्यांना ठाऊकच होतं ना!

पुढे दारं उघडली, पण तोवर विचारायची वेळ निघून गेली होती. बारा महिन्यांनी कोण कोणाला विचारतं? मी विचारायचा तर प्रश्नच नव्हता. मी तिथे होते.

*

मृत्यूच्या दाखल्यावर कारण काय लिहावं यावरून घासाघीस तर नेहमीचीच. पूर्वी दारूनं गेलेल्याचे नातेवाईक यायचे, "बाई, जरा चांगलं कायतरी लिवा" म्हणून. कोरोनात लोक हात जोडायचे की काहीही लिहा, पण कोरोना नको. वाळीत टाकतील, पोरीचं लग्न मोडेल. रोह्याचे एक शेठ तर माझ्याशी भांडून गेले. वडील कोरोनानं गेले होते, त्यांना हार्ट पाहिजे होतं. मी म्हटलं, ज्यानं गेले तेच लिहिणार.

मग सरकारनं कोरोनानं गेलेल्यांच्या घरच्यांना मदत जाहीर केली. आठवड्याभरात तेच शेठ हसतमुखानं हजर! या वेळी काकांसाठी. काका हार्टनं गेले होते, त्यांना कोरोना पाहिजे होता. मी तेच उत्तर दिलं. शेठ उठले, छत्री घेतली आणि दारातून म्हणाले, "तुमच्याकडं कधी पायजे ते मिळतच नाय."

त्याच दिवशी सुभेदारांचा पुतण्याही आला होता. त्याला कोणीतरी सल्ला दिला होता की काकीच्या नावावर प्रयत्न करून बघ. तो माझ्यासमोर तोंड उघडणार, इतक्यात बाकड्यावरून सुभेदार आत आले. त्यांनी पुतण्याचा दंड धरला. रागावलेले नव्हते, पण आवाज परेडवरचा होता.

"ती हार्टनं गेली. पूर्ण गाव चुकीचं बोलतोय, त्यात आपन घरातले नको."

एवढं बोलून ते पुन्हा बाहेर जाऊन बसले. बाकड्यावरच्या कोणालाही तेव्हा पुढचं विचारायचं सुचलं नाही.

*

साथ ओसरली आणि माझ्या बाकड्यावर युद्ध आलं. तुम्ही म्हणाल, रोह्यात कुठलं युद्ध? तर आमच्या इथल्या निम्म्या मोहल्ल्याची पोरं आखातात. तिकडे मिसाईल उडालं की इकडे बीपी उडतं. बॉम्ब तिथे पडतो आणि गोळ्या मला इथे वाढवाव्या लागतात!

बाकड्यावरची यातली सगळ्यात जुनी पेशंट म्हणजे जुलेखाचाची. तिचा एकुलता मुलगा इम्तियाज तिकडे गोदामात सुपरवायझर. चाचीचं बीपी असं की मशीनचा पट्टा सोडून मी पुन्हा बांधला, मशीन बिघडलं असेल म्हणून. मशीन चांगलं होतं. चाची दिवसरात्र टीव्हीसमोर बसून आकाशातले लाल ठिपके मोजत होती. मी सांगितलं, टीव्ही घराबाहेर काढा. चाची हुकमाची ताबेदार. तिनं त्याच संध्याकाळी टीव्ही शेजारणीला देऊन टाकला.

पुढच्या आठवड्यात बीपी आणखी वर. चौकशी केली तर चाची रोज जेवण उरकून शेजारणीकडे टीव्ही बघायला जात होती. मी चिडले. चाची म्हणाली, "तुमी घरातून काढायला सांगितलं, बाई. मी काढला. आता परक्याच्या घरात काय चालतं ते मी कसं थांबवू?"

*

मायलेकांचं फोनवरचं बोलणं मी एकदा दवाखान्यातच ऐकलं. तिकडून इम्तियाज सांगत होता की इथे अगदी शांत आहे, मागे आवाज येतात ते लग्नातल्या फटाक्यांचे. इकडून चाची सांगत होती की बीपी अगदी नॉर्मल आहे, डॉक्टरबाईंकडे सहज गप्पा मारायला आलेय. दोघंही एकमेकांना थापा मारत होती आणि दोघंही खूष होती.

चाचीचा नियमच होता की परदेशातल्या पोराला फोनवर वाईट बातमी द्यायची नाही. तिच्या फोनवर कोणी मरायचंच नाही! सगळे नमाजाला गेलेले, नाहीतर नुकतेच झोपलेले. इम्तियाजचे सख्खे मामा जाऊन किती काळ लोटला, तरी तो त्यांच्यासाठी अत्तर पाठवायचा आणि चाची कळवायची की मामूंना फार आवडलं. मधे एकदा तो बहिणीच्या लग्नाला आठवडाभर आला होता, मांडवाबाहेर पडायलाही सवड नव्हती, तेव्हा "मामू मुंबईला गेलेत" म्हणून वेळ मारून नेली. ते अत्तर कोण लावतं, असं सिस्टरनं एकदा विचारलं. चाचीनं मान सुभेदारांकडे वळवली.

सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की अलीकडे बाकड्याला इतका चांगला वास का येतो!

*

तिकडचं युद्ध थांबलं, विमानं सुरू झाली आणि इम्तियाज आला. पहिल्याच मंगळवारी आईला घेऊन दवाखान्यात हजर. चाचीचं बीपी मी दोनदा बघितलं, कारण इतकं चांगलं मी तिचं कधी बघितलंच नव्हतं. तपासून दोघं बाहेर गेली. माझं दार उघडंच होतं.

बाकड्यावर सुभेदार बसलेले. इम्तियाज लहान असताना सीताकाकी दर थंडीत चाचीकडे वाल घेऊन यायची आणि त्याला काकीच्याच हातचं वालाचं बिरडं लागायचं, दुसरं चालायचं नाही. सुभेदारांना बघून तो आनंदला. पाया पडला, शेजारी बसला आणि पिशवीतून एक डबी काढून त्यांच्या हातावर ठेवली.

"काकींच्या गुडघ्यांना लावायचं मलम. तिकडचं हाय, चांगलं हाय. कुठं हायेत काकी?"

चाचीनं ओढणीचं टोक तोंडाला लावलं आणि जमिनीकडे बघायला लागली. सिस्टर पुढच्या पेशंटला हाक मारायला दारात गेली होती, ती तिथेच थांबली.

सुभेदारांनी डबी उलटीसुलटी करून बघितली. मग म्हणाले, "ती गेली रे पोरा. कोरोनाच्या टायमाला."

इम्तियाजनं ओठातल्या ओठात दुआ म्हटली. सुभेदारांच्या गुडघ्यावर हात ठेवला. थोडा थांबला. कोणीतरी पाण्याचा ग्लास पुढे केला, त्यातला त्यानं घोटभर घेतला. कोरोनाच्या काळात तो इथे नव्हता. कोणाला काय ठाऊक आहे, हे त्याला ठाऊकच नव्हतं. लहानपणी मोठ्या माणसांसोबत ओसऱ्या-ओसऱ्यांवर बसून जे शिकला होता, ते त्यानं विचारलं.

"कशानं गेल्या काकी?"

सुभेदारांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. कण्यातला ताठपणा तसाच होता. मग परक्या घराच्या उंबऱ्यावर उभं राहून खाकरावं तसे ते खाकरले.

"आदल्या राती तिनं वाल भिजत घातले व्हते," ते म्हणाले. "सकाळी उठली. मला च्या दिला. बिनसाखरेचा. मग परात घेऊन वाल सोलाय बसली. निम्मे सोलून झाले व्हते, बघ..."

मी पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवली. कोणी उठलं नाही. पुन्हा वाजवली नाही. स्टेथोस्कोप टेबलावर ठेवला, बाहेर गेले आणि बाकड्याच्या टोकाला जागा करून बसले.

सुभेदार थांबले. माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "मग?"